काउंटरवरची आई

माझ्या आईचा फोटो महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत लागलेला आहे. तो मीच लावला. काउंटरच्या मागे, बाहेरच्या बोर्डावर, मेनूकार्डावर, मसाल्याच्या पाकिटावर, पार्सलच्या पिशवीवर. दोन्ही हातांत आडवी सुरमई धरलेली, पदर कमरेला खोचलेला आणि तोंडभर हसू. गिऱ्हाइकं म्हणतात, तुमच्याकडे आम्ही आजींचं हसणं बघून येतो. पूर्वी हे ऐकलं की मी त्यांना सोलकढी फुकट पाजायचो. आता कोणी असं म्हटलं की मी पावसापाण्याचं काढतो.

फोटोची गोष्ट आधी सांगतो. वडील मी शाळेत असतानाच गेले आणि आईने घरातच खानावळ सुरू केली. बदलीवर रत्नागिरीत आलेले मास्तर, कोर्टातले कारकून, एसटीचे ड्रायव्हर असे लोक जेवायला यायचे. मी मोठा झाल्यावर तीच खानावळ रस्त्याच्या कडेला आणली, वर पत्रे घातले आणि तिला हॉटेल म्हणायला लागलो. पुढे पहिलं पक्क्या बांधकामाचं हॉटेल झालं, त्याच्या उद्घाटनाला फोटोग्राफर बोलावला होता. आई मागच्या बाजूला मिरकरवाड्याहून आलेली मासळी निवडत बसलेली. तिला म्हटलं, पुढे ये, फोटो काढायचाय. ती हातातली सुरमई तशीच घेऊन उभी राहिली. फोटोग्राफर मागे सरकता सरकता मासळीच्या पाण्यावरून घसरला आणि भिंत धरून कसाबसा सावरला. आई खदखदून हसली. त्या पठ्ठ्याने त्या अवस्थेतही बटण दाबलं. असा फोटो ठरवून निघत नाही.

त्यानंतर एकाची दोन हॉटेलं झाली, दोनाची चार. कोकणात, घाटावर, मुंबईत. एकूण किती ते इथे सांगत नाही, कारण आकडा सांगितला की ऐकणारा पुढचं ऐकायचं सोडून गुणाकार करत बसतो. माझ्याकडे पैसा आहे एवढं पुरे. समुद्र दिसणारं घर आहे, आवारात माड आहेत, गाडी आहे, गाडीला ड्रायव्हर आहे. या सगळ्याच्या मुळाशी आईच्या हातची चव आणि आईचा फोटो आहे, हे मी भाषणात नेहमी सांगतो. भाषण बरं जमतं मला.

आई मासे खायची ते बघण्यासारखं असायचं. बांगड्याचं डोकं ती कोणाला द्यायची नाही. पोराला सुद्धा नाही. काटे इतके स्वच्छ करून ताटाच्या कडेला ठेवायची की वडील म्हणायचे, आमच्या घरी मांजर टिकत नाही ते उगाच नाही. श्रावण तिला डोंगराएवढा वाटायचा. महिनाभर वरणभात चिवडत बसायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, देवानं सण दिले ते बरं केलं, पण समुद्र दिल्यावर कशाला दिले? म्हणजे भक्ती होतीच, पण ती जिभेला धरून होती. पापी बाई असं स्वतःलाच म्हणून हसायची.

आणि मग मला हार्ट अटॅक आला. हॉटेलवाल्याचं आयुष्य म्हणजे वेळीअवेळी खाणं, उभ्याने जेवणं आणि बसल्या जागी संतापणं. तिन्ही मला चांगली जमत होती. मुंबईला नेलं, छाती उघडली, जोडाजोड केली, पुन्हा शिवली. त्या दिवसांत आईला कोणी मुंबईला नेलं नाही. तिने घरात देवापुढे बसून बोलून टाकलं की माझं लेकरू घरी चालत आलं तर काशीला येईन आणि मासे सोडीन.

काशीला जाऊन आलेल्या माणसाने आपली आवडती एक गोष्ट तिथे सोडून यायची, अशी आपल्याकडे रीत आहे. रीत चांगली आहे, पण माणूस देवाशीसुद्धा घासाघीस करतो. आईबरोबर वाडीतल्या ज्या बायका गेल्या होत्या, त्यांतल्या एकीने पडवळ सोडलं. ते तिला आधीपासूनच आवडत नव्हतं. दुसरीने गुलाबजाम सोडले, तिला डॉक्टरने आधीच बंद केले होते. आईने मासे सोडले. घाटावर उभं राहून तिने नुसतं खाणार नाही एवढंच म्हटलं नाही. तिला वाटलं, एवढा लेक परत दिला तर एवढ्यावर भागवणं बरं नाही. ती म्हणाली, खाणार नाही, शिवणार नाही, कोणाला वाढणारही नाही.

हे तिने परत आल्यावर जेवताना सांगितलं. मी तेव्हा भाकरीबरोबर पापलेट खात होतो. डॉक्टरांनी मला मासे चालतील म्हणून सांगितलं होतं. तुकडा घशात अडकला, पण गिळला. आई म्हणाली, "तू खा रे. मी कोणाला नको नाय म्हणत. तू खाल्लास तर मला बरंच वाटतं." ती खरंच तसं म्हणत होती. फक्त त्या दिवसापासून आम्ही मासे खायला बसलो की ती ओटीवर जाऊन बसायची. आधी मला वाटलं वास सहन होत नाही. बायको म्हणाली, "सहन होत नाही कसला? तोंडाला पाणी सुटतं म्हणून जातात."

काही दिवसांनी दवाखान्यातून परत येताना आमची गाडी रत्नागिरीतल्याच हॉटेलसमोर सिग्नलला थांबली. आई काचेतून बोर्डाकडे बघत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती कोण रे?"

मला वाटलं चेष्टा करतेय. म्हटलं, "तूच की."

"मग मी वाढणार नाय म्हणून शब्द दिलाय, तो?"

मी हसलो. माझी पहिली चूक ही की मी हसलो. म्हटलं, "अगं, तो फोटो आहे. जुना. काशीच्या आधीचा."

"फोटो आधीचा. पण वाढणं आजचं ना? आत लोक बसलीत. त्यांस्नी वाटतं मी वाढते. तसंच लिवलंय ना खाली?"

तसंच लिहिलं होतं. 'आईच्या हातचं'. ती ओळ मीच सुचवली होती आणि तिच्यावर फार खूश होतो.

मी घरी येऊन जाहिरातीचं काम बघणाऱ्या मुलीला सांगितलं, जरा काही करता येतंय का बघ. ती हुशार. तिने दोन दिवसांत आईच्या हातातली सुरमई पुसून तिथे नारळ बसवला. हसू तेच, पदर तोच, हातात नारळ. मी तो फोटो मोबाइलवर आईला दाखवला. वाटलं, प्रश्न मिटला. आईने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हातातला मासा काढलास. ताटातला?"

मग तिने सरळ मागितलं. मी आयुष्यात तिला काही मागताना बघितलेलं नाही, साडी सुद्धा घेताना नको नको म्हणायची. ती म्हणाली, "माजा फोटो काढ. सगळीकडचा काढ. मी तुज्यासाठी बोललेय तिकडं. शब्द मोडला तर तो माज्यावर नाय येणार, तुज्यावर येईल."

म्हणजे तिला भीती तिच्या पुण्याची नव्हती, माझ्या जिवाची होती. रोज दुपारी आणि रात्री, इतक्या गावांत, ती तो शब्द मोडतेय आणि त्याची किंमत माझ्या छातीतून वसूल होणार, असं तिने धरलं होतं. तुम्ही म्हणाल, भोळेपणा. मीही म्हटलं. मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "मुंबईच्या भागीदारांना विचारायला लागेल. एकट्या माझ्या हातात नाही ते." मोठा झालेला माणूस आईला असं उत्तर देतो आणि त्याला वाटतं आपण समजुतीने वागतोय.

मी भागीदारांना विचारलंच नाही. इथे खरं सांगून टाकतो, कारण दुसरं कुठे सांगणार? विचारायचं म्हणून एकदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. ते काय म्हणतील ते मला माहीत होतं. आजी काढल्या तर राहिलं काय? आणि त्यांनी ते म्हणण्याआधी माझ्या डोक्यात तेच आलं होतं. आईने दर आठवड्याला विचारलं, "काय म्हणाले ते?" आणि मी दर आठवड्याला सांगितलं, "बघू म्हणाले." भागीदार बिचारे मुंबईत निवांत होते. रत्नागिरीत त्यांचं नाव मी खराब करत होतो.

मग आईचं जेवण कमी झालं. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी हॉटेलात गिऱ्हाइकाने अर्धी भाकरी ताटात टाकली तरी मॅनेजरला बोलावून विचारतो, का टाकली? घरात आई अर्धी भाकरी खातेय हे मला बायकोने सांगावं लागलं. एका संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, आई रात्रीच्या जेवत नाहीत. महिना झाला असेल. मी विचारलं की पोट भरलंय म्हणतात. आज खोदून विचारलं, तर म्हणाल्या, तिकडं मी वाढतेय ना, त्याची फेड इकडं उपाशी राहून करते."

मी आईच्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसून वाती वळत होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, इतकी वाळली होती. माझ्या स्वयंपाकघरांतून रोज रात्री उरलेलं अन्न वाटायला माणसं ठेवली आहेत. त्याचे फोटो आम्ही छापतो. आणि ज्या बाईच्या नावावर हे सगळं चाललंय ती घरात एकवेळ जेवत होती, माझ्यासाठी. मला स्वतःची शिसारी आली. त्या शिसारीच्या भरात मी शहाण्यासारखं काही केलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "आई, फोटो काढला. सगळीकडचा."

तिने वात खाली ठेवली. "देवाशप्पत?"

"मी सांगतोय ना."

शपथ तेवढी टाळली. अजूनही मला वाटतं ती टाळली म्हणून मी थोडा कमी खोटा आहे. माणूस आपल्यापुरते किती बारीक हिशेब ठेवतो.

आई उठली, सुनेला हाक मारून म्हणाली, "गो, कुळथाची पिठी हाय काय? थोडा भात वाढ मला." ती जेवली. पिठीत लसणीची फोडणी बरी पडलीय म्हणाली. पुन्हा भात घेतला. मी समोर बसून बघत होतो आणि मला इतका आनंद झाला होता की मला तो सहन होईना. खोट्याने माणूस बरा होतो हे मला माहीत नव्हतं. आणि एकदा बरा झाला की ते खोटं मोडायला तोंड उरत नाही, हेही माहीत नव्हतं.

बायको रात्री एवढंच म्हणाली, "आता खरंच काढा. म्हणजे सांगितलेलं खरं होईल." किती सोपं होतं. मी म्हटलं, "काढतो." रत्नागिरीतल्या हॉटेलचा बोर्ड रंगकामाच्या निमित्ताने उतरवला, कारण तो आईच्या दवाखान्याच्या वाटेवर होता. घरातली मसाल्याची पाकिटं, कॅलेंडरं, पिशव्या सगळं हलवलं. ड्रायव्हरला ताकीद दिली. म्हणजे आईच्या नजरेपुरता मी शब्द पाळला. बाकीच्या महाराष्ट्रात ती वाढतच होती.

थोड्या दिवसांनी आईने वेळणेश्वराला जायचं काढलं. तिचं माहेर त्या बाजूचं. म्हणाली, काशीचा देव तोच, इथला देव तोच, शब्द पुरा झाला हे सांगून येऊ. हायवेने चिपळूण करून गेलो असतो तर रस्ता बरा होता. पण हायवेवर आमचं हॉटेल आहे आणि त्याचा बोर्ड लांबून दिसतो. मी ड्रायव्हरला सांगितलं, जयगडवरून चल, फेरीबोटीने खाडी ओलांडू, आईला बोटीत बरं वाटेल. आई म्हणाली, "एवढा वळसा कशाला रे?" चोराच्या मनात चांदणं. मी समुद्राच्या हवेचं कौतुक सांगायला लागलो. जन्म समुद्रकाठी काढलेल्या बाईला मी समुद्राची हवा समजावून सांगत होतो. ती हो हो म्हणत राहिली. बोटीत तिने कठड्याला धरून पाण्यात बघितलं आणि लहान मुलीसारखी खूश झाली.

देवळात गर्दी नव्हती. आमच्याकडची माणसं देवाशी मनात बोलत नाहीत, मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, शेजाऱ्याशी बोलावं तसं. आईने नारळ ठेवला, हात जोडले आणि बोलायला लागली. "बा देवा, तुज्याकडं बोलले होते ते पुरं केलं. मी खाल्ला नाय, शिवले नाय, वाढला नाय. मदी जरा चूक झाली होती, ती माज्या लेकानं सुदारली. त्याचा एवढा धंदा, तरी त्यानं आईचा शब्द राखला. त्याला सुखी ठेव." पुजाऱ्याने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी हात जोडलेलेच ठेवले. डोळे मिटले होते, ते उघडायची हिंमत होत नव्हती. मला कोणी शिवी दिली असती तर मी उलटून बोललो असतो. आशीर्वादाला उलटून कसं बोलणार?

येताना मी ठरवलं, आता बास. ऑफिसात गेल्यावर पहिला फोन हाच. ऑफिसात गेल्यावर पहिला फोन दुसऱ्याच कशाचा तरी आला. मग पाऊस सुरू झाला, मग मासेमारी बंद झाली, मग नव्या हंगामाची तयारी. मला वेळ नव्हता असं नाही. मी दिवसभर निर्णय घेतो, तेच माझं काम आहे. हा एक निर्णय मी घेतला नाही, कारण आई जेवत होती, हसत होती आणि हॉटेलं चालत होती. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

गणपतीत घर भरलेलं होतं. आमच्याकडे गौरी-गणपतीत येणाऱ्याला परत पाठवत नाहीत, ओळखीचा असो नसो. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोच्या माहेरच्या ओळखीचं एक कुटुंब दर्शनाला आलं, कोल्हापूरचं. नवरा-बायको आणि तिची सासू. बाई शाळेत शिक्षिका, बोलायला मोकळी. गणपतीला नमस्कार करून वळली आणि आईला बघून तिचा चेहरा फुलला. पटकन वाकून पाया पडली. "अय्या, आजी! तुम्हाला प्रत्यक्ष बघायचंच होतं मला. आमच्या घरी तर तुमचं नाव रोज निघतं. परवाच तुमच्या कोल्हापूरच्या हॉटेलात जेवून आलो. तुमचा एवढा मोठा फोटो आहे ना काउंटरवर, तिथे उभं राहून आमच्या ह्यांनी सेल्फी पण काढला."

मी प्रसादाचं ताट घेऊन उभा होतो. आईने विचारलं, "कवा म्हणालात?"

"परवा. मंगळवारी."

आईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला आधार वाटला असता. ती माझ्या छातीकडे बघत होती. शर्टाच्या वरच्या बटणाच्या खाली, जिथे टाक्यांची खूण आहे तिथे. ती घाबरली होती. तिच्या हिशेबात गेले कित्येक महिने, ती निर्धास्त जेवत असताना, शब्द रोज मोडत होता आणि माझा जीव उघड्यावर होता.

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. ताट खाली ठेवून सगळ्यांसमोर कबूल करायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यात त्या वेळी आलं ते हे, की पाहुण्यांसमोर शोभा नको.

आईच आधी बोलली. त्या बाईचा हात हातात घेऊन शांतपणे म्हणाली, "ती मी नव्हं, बाय. ती माजी बईन."

"बहीण? पण अगदी तुमच्यासारख्या..."

"जुळी नव्हं. पाठची. सगळे असंच म्हणायचे. तिच्या हाताला चव होती. मासे तर असे करायची की काय सांगू." आई हसली सुद्धा, फोटोतल्यासारखंच.

"कुठे असतात त्या?"

"गेली ती." मग ती माझ्याकडे वळली. "व्हय ना रे? तुजी मावशी."

आईला बहीण नाही. चार भावांत ती एकटी मुलगी. घरातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. ती शिक्षिका माझ्याकडे बघत होती, चेहरा पाडून, सांत्वनाचं काहीतरी बोलायच्या तयारीत. आई माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे मला सांगत होते की हे एवढं कर.

मी म्हणालो, "हो. मावशी."

"फार वाईट झालं," बाई म्हणाली. "आम्हाला माहीतच नव्हतं."

ते गेल्यावर मी आईच्या पायाशी जाऊन बसलो. इतक्या वर्षांत बसलो नव्हतो. म्हणालो, "आई, मी खोटं बोललो. फोटो काढला नाही. माझं चुकलं." माझा आवाज फाटला. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गप. घरात गणपती हाय, रडू नको."

"मी उद्याच काढतो सगळे."

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता ऱ्हाऊ दे. तिनं कुटं शब्द दिलाय काशीला? मेलेल्या माणसानं वाढलं तर कोण विचारतो? तू आता बिनघोर ऱ्हा." मग थोडं थांबून म्हणाली, "फक्त कोणी विचारलं तर मावशीच सांग. विसरू नको. एकानं एक, दुसऱ्यानं एक सांगितलं तर घोळ होईल." धंद्याची सूचना द्यावी तशी तिने मला ती सूचना दिली. ती खरंच मोकळी झाली होती. इतके दिवस नव्हता तो उपाय तिला सापडला होता, आणि त्याला लागलेली किंमत ती स्वतः होती, जी तिने कधी किंमत म्हणून धरलीच नाही.

त्यानंतर आठवड्याभराने दुपारी आम्ही जेवत होतो. आई, बायको आणि मी. माझा फोन वाजला. कोल्हापूरच्या मॅनेजरचा मेसेज होता, सोबत फोटो. चांगला माणूस आहे, जुना आहे. त्याने लिहिलं होतं, साहेब, एका ताईंनी येऊन सांगितलं तेव्हा कळलं की फोटोतल्या आजी म्हणजे तुमच्या मावशी आणि त्या गेल्या, आम्हाला माहीत नव्हतं, माफ करा, सगळ्या स्टाफने मिळून हार आणलाय. फोटोत काउंटरवरची आई होती, हातात सुरमई, तोंडभर हसू आणि गळ्यात चंदनाचा हार. खाली समई. त्याने पुढे लिहिलं होतं की गिऱ्हाइकं हात जोडून मग जेवायला बसतात आणि बाकीच्या शाखांमध्येही कळवलंय, सगळीकडे हार घालतील.

पहिला विचार माझ्या मनात धंद्याचा आला. लोक हात जोडतायत म्हणजे बोर्ड राहिला तरी चालेल. हे मी लिहितोय कारण ते खरं आहे, आणि त्या एका क्षणासाठी मला स्वतःची जितकी लाज वाटते तितकी खोटं बोलल्याचीही वाटत नाही.

"काय रे? कोणाचा?" आई म्हणाली.

या वेळी मी लपवलं नाही. फोन तिच्या हातात दिला. तिने डाव्या हाताने चष्मा वर सारला, फोन जवळ धरला, लांब धरला. बायकोने वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेली. आई बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. ओळखीच्या घरचं सुतक असावं आणि तिथली माणसं सगळं रीतसर करतायत हे बघून बरं वाटावं, असं काहीसं होतं.

"चांगला घातलाय हार," ती म्हणाली. "रीतीनं केलं त्यांनी तिचं सगळं."

मग फोन माझ्याकडे दिला आणि सुनेला हाक मारून अर्धी भाकरी मागितली. ती आत रडत होती, म्हणून मी उठलो आणि आईला वाढलं. ती जेवली, नेहमीपेक्षा दोन घास जास्तच. माझी आई माझ्यासमोर बसून जेवत होती, आणि तो हार काढायला सांगायचा एक फोन मी त्या दिवशी केला नाही, आणि अजूनही केलेला नाही.